'मी सांगेन' नावाचा रकाना

कुठलाही फॉर्म समोर आला की ते आधी पेनाचं टोपण काढायचे, फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचायचे, टोपण परत लावायचे आणि विचारायचे, "हे कशाला हवंय त्यांना?"

शेगडीच्या वॉरंटी कार्डावर लग्नाची तारीख कशाला? वाचनालयाच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय कशाला? समोरचा कारकून गोंधळायचा, कारण हा प्रश्न त्याला त्याआधी कुणी विचारलेला नसायचा. "साहब, कॉलम है तो भर दीजिए," एवढंच तो म्हणायचा. त्यावर यांचं ठरलेलं उत्तर, "कॉलम तो मैं भी बनाता हूँ, भाई. मुझे मालूम है कैसे बनते हैं." मग मागची रांग कुरकुरायला लागायची.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. रांगेत त्याच्या मागे उभं राहायची पाळी आली की आपण मनातल्या मनात कपाळावर हात मारतो. मी तीसेक वर्षं त्यांच्या मागे उभा होतो. भोपाळच्या सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये आमची क्वार्टर्स एकाच ओळीत होती. ते कॉम्प्युटर विभागात आणि मी भांडारात, म्हणजे स्टोअर्समध्ये. ते पुण्याकडून बदली होऊन आलेले, मी नागपूरचा. कारखान्यातले हिंदी भाषक त्यांना 'भाऊसाब' म्हणायचे.

त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्यांना ते आवडलं नसतं, आणि त्यांच्या घरातली गोष्ट न विचारता बाहेर नेण्याचं काम मी एकदा करून बसलो आहे. ते काय, हे आधीच सांगून टाकतो. त्यांना एकच मुलगी. तिला एक दुखणं होतं. ते कुणाला सांगायचं, केव्हा सांगायचं, हे तिचं तिने ठरवलं होतं. आज भोपाळ, इंदूर, नागपूरमधल्या कितीतरी मराठी घरांना ते ठाऊक आहे, आणि ते त्यांच्यापर्यंत पोहोचवणारा मी.

पण मला ते आठवतात तेव्हा आधी हसूच येतं. बिट्टन मार्केटच्या हाटातून भाजी घेऊन झाल्यावर एकदा आम्ही दोघं चपलांच्या दुकानात शिरलो. अर्धा तास घालवून त्यांनी एक सँडल पसंत केली. बिल करताना काउंटरवरचा माणूस म्हणाला, "मोबाइल नंबर, सर?"

"जूते को मेरा नंबर क्यों चाहिए?"

"सर, सिस्टम में डालना पड़ता है. बिना नंबर के बिल नहीं निकलता."

"तो अपना डाल दो."

"सर, मेरा तो पहले ही डाल चुका हूँ. सुबह एक मैडम ने भी नहीं दिया था."

सँडल तिथेच राहिली. जुन्या, अंगठा तुटलेल्या चपला फरफटवत ते बाहेर आले, पण चेहरा असा खुललेला की लॉटरी लागली असावी. "ऐकलंत ना? भोपाळमध्ये आणखी एक जण आहे!" पुढचा आठवडाभर ते येईल त्याला त्या अनोळखी बाईंबद्दल सांगत होते. त्यांच्या आयुष्यातला तो मोठा आनंदाचा प्रसंग होता असं म्हटलं तर तुम्हाला अतिशयोक्ती वाटेल. मला वाटत नाही.

कारखान्यात कॉम्प्युटर पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्यासाठी वेगळी थंडगार खोली होती. आत जाताना चपला-बूट बाहेर काढावे लागत. मोठमोठे अधिकारी मोज्यांवर आत जात, आणि कुणाच्या मोज्याला कुठे भोक आहे हे सगळ्या विभागाला कळे. काही जण उंबरठ्याशी वाकून हातही जोडत. भाऊसाब त्यांना अडवायचे. "जूते धूल के लिए उतारने हैं. हाथ मत जोड़िए. इसके अंदर जो है, वो मैंने लिखा है, और मैं बहुत ग़लतियाँ करता हूँ."

हे ते विनयाने म्हणत नसत. प्रत्येक प्रोग्रॅम त्यांनी कडेला भोकं असलेल्या लांबलचक कागदावर छापून, शिवून, खोलीच्या बाहेर एका फडताळात ठेवला होता. बाहेर अशासाठी की वाचणाऱ्याला बूट काढायला लागू नयेत. वर पाटी होती, 'कोई भी पढ़ सकता है.' अर्थात कुणी वाचत नसे. बदललेल्या प्रोग्रॅमचे जुने कागद मी घरी न्यायचो, मुलांच्या रफ वहीसाठी. माझी दोन्ही मुलं त्या कागदांच्या पाठीवर गणितं सोडवून मोठी झाली.

एकदाच एक वाचक आला. क्रेन चालवणारे अवस्थीजी. दर दिवाळीला आपल्यालाच तिसरी पाळी कशी येते, असा त्यांचा सवाल होता. वरिष्ठांनी त्यांना उडवून लावलं होतं, कॉम्प्युटर काढतो, त्यात आमचा हात नाही म्हणून. भाऊसाबांनी फडताळातून पाळ्यांचा प्रोग्रॅम काढला, अवस्थीजींना स्टुलावर बसवलं आणि एकेक ओळीवर बोट ठेवत हिंदीत समजावून सांगायला लागले. निम्म्यावर आल्यावर ते थांबले. सणाच्या वेळी यादी पुन्हा पहिल्या नावापासून सुरू होत होती. इंग्रजी अक्षरांप्रमाणे 'ए'ने सुरू होणारी माणसं दरवर्षी दिवाळीला कारखान्यात अडकत होती.

दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर त्यांच्या सहीचा कागद होता. 'ग़लती मेरी थी. ठीक कर दी है. अवस्थीजी का धन्यवाद.' वरिष्ठ चिडले. मशीनची चूक म्हणून निभावून नेता आलं असतं, असं त्यांचं म्हणणं. "मशीन चूक करत नाही हो," भाऊसाब मला म्हणाले. "मशीनच्या आड लपलेला माणूस करतो. म्हणून प्रोग्रॅम उघडा हवा आणि माणूस झाकलेला. आपल्याकडे उलटं चाललंय."

हे वाक्य त्यांचं आवडतं होतं. मी ते किती वेळा ऐकलं, आणि दर वेळी मान डोलावली.

त्यांच्या निवृत्तीच्या सुमारास बाहेरच्या एका कंपनीची तयार प्रणाली आली. ती बसवायला आलेल्या इंजिनीअरला त्यांनी विचारलं, "इसके अंदर का देखने को मिलेगा?" तो अगदी अदबीने म्हणाला, "सर, आपको अंदर देखने की ज़रूरत ही नहीं पड़ेगी." फडताळ रद्दीत निघालं. ती रद्दी माझ्याच भांडारातून बाहेर गेली, गेट पासवर माझी सही आहे. ते पाहायला आले नाहीत.

निवृत्तीनंतर टाउनशिपच्या फाटकाबाहेरच्या कॉलनीत त्यांनी लहानसं घर घेतलं. बायको आधीच वारलेली. घरात ते आणि मुलगी. ती टाउनशिपच्या शाळेत गणित शिकवायची. उंच, सडपातळ, मोजकं बोलणारी, आणि वडिलांना शाळेतल्या मुलासारखी शिस्त लावणारी. मी तोवर आमच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी झालो होतो, आणि मंडळाची एक जुनी डोकेदुखी माझ्या गळ्यात आली होती. ती म्हणजे वधूवर यादी.

घरापासून इतक्या दूर राहणाऱ्या आम्हा लोकांना ही यादी किती महत्त्वाची, हे महाराष्ट्रातल्या वाचकांना कदाचित कळणार नाही. मुलं इथे वाढलेली, निम्मी वाक्यं हिंदीत बोलणारी. पण आईवडिलांना सून-जावई मराठीच हवा. त्यासाठी मंडळात एक जाड वही होती. ती घरोघर फिरायची. तिच्या पानांवर हळदीचे, चहाचे डाग होते, आणि समासात लोकांनी पेन्सिलीने शेरे मारले होते. 'रंग सावळा.' 'आई तापट.' 'मोठी बहीण परत आली आहे.'

मी ती वही सहज भाऊसाबांना दाखवली. त्यांनी चार पानं उलटली, मिटली आणि म्हणाले, "ही माझ्याकडे राहू दे." महिनाभरात त्यांनी आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर यादीचा प्रोग्रॅम लिहून काढला. त्या कॉम्प्युटरला इंटरनेटची तार त्यांनी लावलीच नव्हती. प्रोग्रॅम छापून मंडळाच्या कपाटात ठेवला, कुणीही वाचावा म्हणून. माहिती मात्र कुलपात. कुणी चौकशी केली की ते फोन उचलायचे आणि थेट त्या मुलीशी किंवा मुलाशी बोलायचे. "अगं, अमक्यांकडून विचारणा आली आहे. तुझी माहिती देऊ का?" ती हो म्हणाली तरच कागद बाहेर पडायचा.

बापमंडळी संतापली. "पोरीला काय विचारता? मला विचारा ना!"

"यादीत नाव तिचं आहे, तुमचं नाही."

आणि गंमत म्हणजे मुली त्यांच्यावर विश्वास टाकायला लागल्या. घरात जे बोलता येत नाही ते त्यांच्याशी बोलायच्या. मला इतक्यात नको काका, तुम्ही बाबांना काहीतरी सांगा. ते काहीतरी सांगायचे आणि निभावून न्यायचे.

मग एक साखरपुडा मोडला. मुलाला एका कानाने ऐकू येत नव्हतं, ते आधी सांगितलं नाही, म्हणून मुलीकडचे मंडळावर धावून आले. कमिटीने ठराव आणला, आजार, आधीचं मोडलेलं लग्न, जे काही असेल ते यादीत नोंदवून घ्यायचं. भाऊसाब तीन बैठका एकटे भांडले. शेवटी तडजोड झाली. ज्याचं त्याने स्वतः लिहायचं, त्यांच्या कॉम्प्युटरवर, ते खोलीबाहेर उभे असताना. ते कुणी पाहायचं नाही. दोघं एक-दोनदा भेटली की ज्याचं त्याने समोरच्याला तोंडाने सांगायचं, आणि मग यादीत फक्त तारीख पडेल. उद्या कुणी भांडायला आलं तर मंडळाकडे तारीख असेल. त्या रकान्याला त्यांनी नाव दिलं, 'मी सांगेन'.

पहिली नोंद त्यांच्या मुलीने केली. मी तेव्हा त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. ते बाहेर येऊन माझ्याजवळ उभे राहिले. "दुसऱ्यांच्या पोरांना लिहायला सांगतो, घरचा रकाना कोरा ठेवून कसं चालेल?" आतून कळफलकाचा आवाज येत होता. तिने काय लिहिलं ते मी विचारलं नाही. त्या दिवशी तरी मी शहाण्यासारखा वागलो.

वर्षा-दीड वर्षाने त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, नागपूरला, बहिणीकडे. जाताना त्यांनी माझ्या हातात एक पाकीट दिलं. चिकटवलेलं, जोडावर सही केलेलं, टेंडरसारखं. आत पासवर्ड होता. "माझं काही बरंवाईट झालं तरच फोडा, सेक्रेटरीसाहेब."

त्यांचं काही बरंवाईट झालं नव्हतं. ऑपरेशन झकास पार पडलं होतं. पण इंदूर, नागपूर आणि आमचं मंडळ मिळून वधूवर मेळावा घेणार होते, त्यासाठी मोबाइलवर मोठा ग्रुप केला होता, आणि बाकी दोघांच्या याद्या येऊन पडल्या होत्या. 'भोपाळ, अजून झोपेत का?' असा कुणीतरी चिमटा काढला. मला तो लागला. नवा फोन हातात असलेला, सगळं येतं असं वाटणारा माणूस मी. गुरुवारी सकाळी पाकीट फोडलं आणि त्यांच्या घरी गेलो.

मुलीने दार उघडलं. तिची शाळा दुपारची होती. "काका, बाबांनी काही मागवलंय का?" मी म्हटलं, मेळाव्याचं थोडं काम आहे. तिने कॉम्प्युटरवरचं विणलेलं झाकण काढून दिलं आणि आत जाऊन चहा ठेवला. मी यादी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. चहा पीत पीत. वेलची घातलेली होती.

घरी येऊन मी ती एक्सेलमध्ये उघडली. फोन, पत्ता आणि 'मी सांगेन' हे तीन रकाने जाऊ द्यायचे नाहीत एवढं मला कळत होतं. तुम्ही म्हणाल, मग पुसून टाकायचे. पण भांडारात नोकरी सुरू झाली की पहिल्या दिवशी शिकवतात, रजिस्टरमधली नोंद खोडायची नाही, फाडायची नाही, तिला रबर लावायचं नाही. चुकीची असली तरी राहू द्यायची. चौतीस वर्षं मी एकही नोंद पुसली नव्हती आणि त्याचा मला अभिमान होता. पुसायला हातच झाला नाही. मी ते तीन रकाने 'हाइड' केले. तक्ता कसा सुटसुटीत दिसायला लागला. खाली 'संपर्क: सेक्रेटरी, भोपाळ' म्हणून माझा नंबर ठळक अक्षरात टाकला आणि फाइल ग्रुपवर पाठवून दिली.

संध्याकाळी बायको स्वयंपाकघराच्या दारात मेथी निवडत बसली होती. मांडीवर फोन. "अहो, हे 'मी सांगेन' म्हणजे काय हो?"

"ते तुला कुठे दिसलं?"

"इथेच की. शेवटचा रकाना."

तिच्या फोनवर ती फाइल उघडली की झाकलेले रकाने आपोआप उघडत होते. कुणी काही मुद्दाम उचकटलं नव्हतं. बोट सरकवलं की दिसत होतं. बायकोने सहज वाचायला सुरुवात केली, "ओळ सदतीस. बाराव्या वर्षापासून फिट्स येतात. गोळी सुरू आहे. सहा वर्षांत एकही नाही. तिसऱ्या भेटीत..." आणि तिने वर नाव पाहिलं. मग ती माझ्याकडे बघायला लागली. मेथीची जुडी तिच्या हातात तशीच होती.

मी ग्रुपवरची फाइल पुसली. आता मात्र पुसली. तोवर ती कुठे कुठे गेली होती ते विचारू नका. मावश्यांकडे, आत्यांकडे, शाळेतल्या मराठी बाईंकडे. लोक मला नमस्काराचे हात पाठवून कळवत होते की आम्ही पुढे पाठवली हं, उत्तम उपक्रम.

नागपूरला फोन लावला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "त्या रकान्यात लिहिलेले किती?"

"अकरा."

"नावं वाचा."

मी वाचत गेलो. सातवं नाव त्यांच्या मुलीचं होतं. ते म्हणाले, "पुढे."

शुक्रवारी दुपारी ते हबीबगंज स्टेशनवर उतरले. प्रवास करू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं. डोळ्यावर मोठा काळा चष्मा, खिशात थेंबांची बाटली. मी स्कूटर घेऊन गेलो होतो. वाटलं, घरी सोडायचंय. ते मागे बसले आणि म्हणाले, "आधी बाकीच्या दहा घरी." शुक्रवारची उरलेली दुपार आणि शनिवार, आम्ही भोपाळभर फिरलो. शुक्रवारी रात्री ते माझ्याकडेच झोपले. मुलीला त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं की उद्या येतो.

प्रत्येक दारात ते त्या मुलीला किंवा मुलाला बाहेर बोलवायचे आणि म्हणायचे, "तू लिहिलेलं कुणाला कळणार नाही, असं मी तुला सांगितलं होतं. ते खोटं ठरलं. कळलं आहे." एवढंच. कसं, कुणामुळे, काही नाही. मी फाटकाशी स्कूटर धरून उभा. एका घरी बापाने त्यांची कॉलर धरली. एका घरी एक मुलगी नुसती हसली आणि दार लावून घेतलं. मला वाटत होतं त्यांनी माझ्याकडे एकदा तरी बोट दाखवावं. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

शेवटी त्यांचं घर. मुलीने दार उघडलं. मला वाटलं, इथे तरी ते वेगळं काही बोलतील, तिला जवळ घेतील. त्यांनी तेच वाक्य म्हटलं, शब्द न बदलता. ती ऐकून घेत होती.

"नेहरू नगरहून फोन येऊन गेला, बाबा. उद्या यायचं नाही म्हणाले." मग ती म्हणाली, "औषध टाकलं का डोळ्यात? किती वाजता टाकलं?"

नेहरू नगरच्या त्या मुलाला ती दोनदा भेटली होती. रविवारची भेट तिसरी होती. रविवारी सकाळी मीच न सांगता त्यांच्याकडे गेलो. मुलाच्या आईने बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. "आम्हाला आजाराचं काही नाही हो, भाऊ. आजकाल सगळ्यावर इलाज आहे. पण लपवलं ना तुम्ही लोकांनी."

"ताई, ती आज सांगणार होती. तसं लिहिलंय तिने. तिसऱ्या भेटीत."

"असं सगळेच म्हणतात, पकडल्यावर."

मुलगा आतल्या खोलीत होता. पडद्याखालून त्याची पावलं दिसत होती. तो बाहेर आला नाही.

शाळेतही कुजबुज पोहोचली. तिला नोकरीवरून काढलं नाही, तेवढी माणसं सभ्य होती. फक्त तिला सहलीला पाठवणं बंद झालं, आणि तिच्या वर्गात नेहमी एक दुसरी बाई काहीतरी निमित्त काढून डोकावू लागली. सहा वर्षं जे आलं नव्हतं त्याची आता सगळी शाळा वाट बघत होती.

मी एकदा त्यांच्या ओट्यावर जाऊन म्हटलं, "मला शिव्या तरी द्या हो."

"तुम्हाला काय म्हणून? कुलूप मी केलं, किल्ली मी दिली." ते खूप वेळ चष्मा पुसत राहिले. "आणि लिहून मी घेतलं. लिहिलेलं बाहेर पडतंच, हे मला माहीत होतं. मी दुसऱ्यांना तेच सांगत आलो. पण वाटलं, आपला प्रोग्रॅम आहे. आपला आहे म्हणून पक्का आहे. हात जोडले मी त्याला."

त्यांचं रडणं मी त्यांची बायको गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

त्यानंतर ते काही विचारीनासे झाले. कारखान्याच्या दवाखान्यात निवृत्तांची नवी कार्डं करायची होती तेव्हा मी त्यांच्या मागेच रांगेत होतो. नंबर मागितला, दिला. अंगठा मागितला, दिला. शेवटी फॉर्मवर 'छंद' असाही एक रकाना होता. त्यांनी तोही भरला, आणि रांग भराभर पुढे सरकली. मंडळाने यादी एका फुकटच्या संकेतस्थळावर हलवली. तिथे रक्तगटापासून मामाच्या गावापर्यंत सगळं भरायचं असतं आणि सगळं सगळ्यांना दिसतं. लोक खूश आहेत. कुणी कुणाला फोन करून परवानगी विचारत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मुलीने दक्षिणेतल्या कुठल्याशा गावी नोकरी धरली. जिथे मराठी कुणी नसेल असं गाव तिने शोधलं होतं, हे मला नंतर शेजाऱ्यांकडून कळलं. तेही तिच्याबरोबर गेले. घर विकलं. मी भेटायला गेलो तेव्हा ट्रक निघून गेला होता, आणि रिकाम्या खोलीत नवा मालक रंगाचे डबे उघडत होता. त्याच्याकडे पत्ता नव्हता. कारखान्याच्या पेन्शन विभागात माझा मित्र होता. तो म्हणाला, "सिस्टिममध्ये आहे, काढून देऊ?" मी नको म्हणालो. ते तरी मी केलं. त्यांचा जुना नंबर लागत नाही. ते आहेत की नाहीत, हेही मला माहीत नाही.

फाइल आहे. तुळशीचं लग्न झालं की दरवर्षी ती कुठून तरी फिरत येते, कधी 'नवीन स्थळे', कधी 'अवश्य पाहा' अशा नावाने. सदतिसाव्या ओळीत मुलगी अजून सव्वीस वर्षांची आहे. मी प्रत्येक वेळी खाली लिहितो, ही यादी जुनी आहे, कृपया पुढे पाठवू नका. लोक अंगठा दाखवतात आणि पुढे पाठवतात.

मागच्या महिन्यात अमरावतीहून एका बाईंचा फोन आला. यादीखालचा माझा नंबर पाहून केलेला.

"त्या सदतीस नंबरच्या मुलीचं जमलं का हो कुठे?"

"ताई, ती यादी फार जुनी आहे."

"असू द्या जुनी. आमच्या मुलालाही तेच आहे, भाऊ. गोळी चालू आहे. चाळिशीला आला. आम्ही कुणाला सांगायला गेलो की लोक उठूनच जातात. हिने किती सरळ लिहिलंय, म्हणून म्हटलं विचारून पाहावं. तिचा नंबर लागत नाही."

माझ्याकडे दुसरा नंबर नाही, पत्ताही नाही, असं मी सांगितलं.

"बरं, राहू द्या. पण बरी आहे ना ती आता?"

फाइल माझ्यासमोर उघडी होती. उंची पाच फूट सात. जन्मवेळ पहाटेची. नाडी, गण, रक्तगट, चष्म्याचा नंबर, गोळी किती वेळा. मी ती ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा वाचली. बाई पलीकडून "हॅलो, हॅलो" करत होत्या. मग त्यांनीच फोन ठेवला.